तीन पानी पत्रात तो एकदाही बोलत नाही

साताऱ्याच्या एका ताईंचं पत्र आलंय. नाव नको म्हणाल्यात म्हणून फक्त मजकूर सांगते. मुलगा 19 वर्षांचा. अकराव्या वर्षी ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं, निदान झालं. बोलतो नीट, पण कमी. बारावी कॉमर्स 58 टक्के, मग बीकॉमला घातलं, तीन महिन्यांत कॉलेज बंद आणि आता आठ महिने घरीच. रात्री तीनपर्यंत जागा, सकाळी अकराला उठणार, पाहुणे आले की बाथरूममध्ये जाऊन बसणार. कोयना धरणात पाणी किती, आवक किती, विसर्ग किती हे रोज वहीत लिहितो, अशा सात वह्या झाल्यात. वडिलांचं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे, ते म्हणतात माझ्याबरोबर बसव. आत्या म्हणतात लग्न करून द्या, सुधारेल. कुणीतरी सांगितलंय की 18 पूर्ण झाली, आता कोर्टातनं पालकत्व घेऊन ठेवा नाहीतर कुणीही फसवेल. आणि शेवटच्या ओळीत ताई लिहितात, "आमच्या माघारी याचं काय होणार या विचारानं डोळ्याला डोळा लागत नाही."

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेऊन बसले आणि कोण काय म्हणालं त्याखाली रेघा मारत गेले. तुमचे मिस्टर काय म्हणतात, आत्या काय म्हणतात, शेजारच्या काकू, कॉलेजमधले सर, अगदी रेशन दुकानदारसुद्धा काय म्हणाला ते आलंय. पण तीन पानांत पोरगा काय म्हणतो याची एकही रेघ मला मारता आली नाही. कॉलेज सोडताना तो काय म्हणाला? दुकानाचं ऐकून काय म्हणाला? काहीच नाही?

हा टोमणा नाही हां. माझ्याच घरात हे सहा-सात वर्षं चाललेलं म्हणून लगेच दिसलं. माझा मुलगा आता 25 चा आहे, तोही ऑटिस्टिक. तो 18 चा झाला तेव्हा इथं सांगलीत त्याचं बँकेत खातं काढायला गेलो होतो. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं पत्ता, मी सांगितला. मोबाईल नंबर, मी सांगितला. नॉमिनी कोण, मी म्हटलं माझंच नाव घाला. तो माझ्या शेजारी फाईल धरून उभा होता, त्याला फक्त सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं. दहा मिनिटांत काम झालं म्हणून मी खूश, येताना भडंगाचं पाकीट घेतलं. रात्री साडेनऊला शेजारच्या खोलीतनं त्याचा व्हॉट्सॲप आला, "नॉमिनी मी ताईचं नाव सांगणार होतो."

बास, एवढंच.

म्हणजे त्याला नॉमिनी म्हणजे काय हे माहीत होतं, त्यानं विचार केलेला होता, नाव ठरवलेलं होतं, फक्त ते तोंडातनं बाहेर यायला सात-आठ सेकंद लागणार होते आणि तेवढा वेळ मी त्याला दिला नाही. आपल्या बऱ्याच मुलांचं हे असंच असतं. प्रश्न कानावर पडतो, मग आत तो उलगडतो, मग उत्तर जुळतं, मग शब्द येतात. समोरच्याला वाटतं याला कळलंच नाही आणि आपल्याला त्या शांततेची इतकी लाज वाटते की आपण बोलून टाकतो. लहानपणी ते गरजेचंच होतं, नाही कोण म्हणतंय, पण पोरगं 19 चं झालं तरी आपण त्याचं तोंड बनून राहतो आणि मग एक दिवस म्हणतो की हा काही बोलतच नाही.

त्या दिवसानंतर मी एक सवय लावून घेतली, तुम्हीही करून बघा. त्याला कुणी काही विचारलं की अंगठ्यानं बोटांची कांडी मोजायची, जपाला मोजतो ना तशी. चार बोटांची बारा कांडी. बारा संपेपर्यंत ओठ मिटलेले. पहिले पंधरा दिवस जीव जातो अगदी, समोरचा आपल्या तोंडाकडं बघत असतो, अंगठा मात्र करंगळीवर अडकलेला. पण आमच्याकडं नवव्या-दहाव्या कांड्याला उत्तर यायचं. दरवेळी नाही. दहातनं सहा वेळा तरी.

आता कॉलेजचं. तुम्ही लिहिलंय, "आळस आणि मोबाईल." मला नाही पटलं. बारावीपर्यंत ज्या पोरानं वर्ग बुडवला नाही तो तीन महिन्यांत आळशी होत नाही हो. शाळेत कसं सगळं ठरलेलं असतं, तीच खोली, तोच बाक, घंटा झाली की तास बदलणार. कॉलेजात खोली रोज वेगळी, लेक्चर रद्द झालं तर ते ग्रुपवर कळणार, आणि त्या ग्रुपवर दिवसाला दोनशे मेसेज. कधी उठायचं, कुठं जायचं, आधी काय करायचं, हे आपलं आपण लावायचं जे काम आहे ना, ते या मुलांच्या मेंदूला फार जड जातं. बुद्धी असते, पण ही मांडणी करण्यातच सगळी ताकद संपते. एडीएचडीच्या, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही अशा मुलांचंही तेच, आणि त्यांनाही आळशीच म्हणतात.

माझ्यानं डिप्लोमा सोडला तेव्हा कारण काय होतं सांगू? टिफिन. शाळेत बाकावरच डबा खायचे. कॉलेजात वर्गात कुणी डबा काढत नाही, आणि कँटीनमध्ये तो गोंगाट, तळणाचा वास, स्टीलच्या ताटांचा आवाज. डबा कुठं खायचा हे याला कुणी सांगितलं नाही आणि यानं विचारलं नाही, त्यामुळं सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत उपाशी, दुपारी डोकं ठणकायचं, मग प्रॅक्टिकलला चुका, मग सरांचं ओरडणं. डबा घरी यायचा तो रिकामाच यायचा, कारण येताना तो कुत्र्यांना घालायचा, मी ओरडेन म्हणून. हे मला कळलं पाच महिन्यांनी, तेही ॲडमिशन रद्द झाल्यावर. एक रिकामी खोली दाखवून दिली असती तर काम झालं असतं असं मी म्हणणार नाही, इतकं सोपं नसतं ते, पण मी पाच महिने त्याला "का जात नाहीस, का जात नाहीस" विचारत होते आणि "का" हा प्रश्न या मुलांना दगडासारखा लागतो.

म्हणून विचारताना जरा पद्धत बदला. समोर बसवून, डोळ्यात बघून, वडील बाजूला उभे, असं अजिबात नको. दुसऱ्या खोलीतनं मेसेज करा. प्रश्न छोटा आणि एकच. "कॉलेजमध्ये सगळ्यात वाईट वेळ कुठली होती, सकाळची की दुपारची?" एवढंच. उत्तर दोन दिवसांनी आलं तरी चालेल. आलं की लगेच उपाय सांगू नका, "बरं, कळलं" म्हणा आणि थांबा. कॉलेजला परत जायचं की नाही हे नंतर बघता येईल. वय निघून चाललंय ही भीती तुम्हाला आहे म्हणून सांगते, दिव्यांग हक्क कायदा 2016 चा, त्यात ऑटिझम आहे, आणि दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त असं प्रमाणपत्र असेल तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणात 5 टक्के जागा राखीव आणि वयात 5 वर्षांची सवलत आहे. आठ महिन्यांनी आभाळ कोसळत नाही.

झोपेचं आणि बाथरूमचं मात्र मी वेगळं धरते. पाहुणे आल्यावर बाथरूममध्ये बसणं हा उद्धटपणा नाही, घरात कडी लागणारी ती एकच खोली असते हो! त्याला सांगून टाका की पाहुणे आले तर तू तुझ्या खोलीत थांब, कुणी हाक मारणार नाही, आणि ते पाळा. पण रात्रीचं जागरण, कुठं जायचं नाही, हे आठ महिने चाललंय, तर एकदा मानसोपचार तज्ज्ञांना दाखवाच. ऑटिझम असलेल्या तरुणांमध्ये एन्झायटी आणि डिप्रेशन बरंच आढळतं, आणि चेहऱ्यावर काही दिसत नाही म्हणून ते राहून जातं. माझी खूण एकच, धरणाची वही. तो अजून रोज लिहितोय ना? जीव लावलेली गोष्ट सोडली तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा, आणि जगण्याबद्दल काही वेडंवाकडं बोलला किंवा लिहिलं तर त्याच दिवशी. 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे, रात्री-बेरात्रीही लागतो, मराठीत बोलतात.

आणि डॉक्टरांकडं गेलात की तुम्ही बाहेर बसा. निदान पहिली दहा मिनिटं.

दुकान. तुमच्या मिस्टरांची कळकळ मला कळते, पोटाला लागेल असं काहीतरी हातात द्यावं हे चूक नाहीच. पण इलेक्ट्रिकलच्या दुकानाचा काउंटर म्हणजे काय ते आठवा, तीन गिऱ्हाईकं एकदम, एक बल्ब बदलून मागतोय, एक घासाघीस करतोय, वायरमन उधारीचं बोलतोय, वरनं समोरच्या रस्त्यावरचे हॉर्न. तिथं वडिलांच्या नजरेखाली बसवलं तर आठ दिवसांत दोघांचं बोलणं बंद होईल. त्याच दुकानात मागं मालाची नोंद असते, बिलं असतात, संपलेल्या मालाची यादी असते. ते त्याला आवडेल का? मला काय माहीत, मला विचारू नका, त्याला विचारा. दोन तास, ठरलेल्या वेळेला, ठरलेल्या पगारावर. पगार द्यायचाच, घरचं दुकान असलं तरी.

नोकरीत मी एक मोठी चूक केली ती सांगते. पहिलं काम लागलं एका प्रेसमध्ये. मी काय केलं, मालकांना आदल्या रात्री फोन करून अर्धा तास सगळं समजावलं, की याला ओरडू नका, वेळेवर जेवू द्या, एकदम दोन कामं सांगू नका. माणूस बरा होता, त्यानं दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं की याच्या आईचा फोन आलेला, जरा सांभाळून घ्या. झालं. अकराव्या दिवशी पोरगं घरी, तिथं सगळे त्याला "बाळ" म्हणायला लागलेले. पुढं दीड वर्षानं बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये एंट्रीचं काम मिळालं, पेट्या आल्या-गेल्याची नोंद, तेव्हा मी फोनला हात लावला नाही. त्यानंच एका कागदावर चार ओळी लिहिल्या आणि पहिल्या दिवशी सुपरवायझरच्या हातात दिल्या. "मला ऑटिझम आहे. काम लिहून दिलं तर चुका होत नाहीत. मी उत्तर द्यायला वेळ घेतो. मी रागावलेलो नसतो, माझा चेहराच तसा आहे." ती शेवटची ओळ मी कधीच लिहिली नसती, मला ती सुचलीच नसती. सुपरवायझर हसला म्हणे, आणि तो कागद अजून तिथल्या कपाटाला आतल्या बाजूनं चिकटवलेला आहे. दोन वर्षं झाली आता.

धरणाच्या वह्यांबद्दल, मिस्टर म्हणतात वेळ वाया. आणि तुम्ही विचारलंय की यातनं काही करिअर होईल का. ताई, दोन्ही नको. आम्ही सांगलीकर पावसाळ्यात हेच आकडे जपत असतो, इथल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 ला धोका, आणि 2019 ला ते 57 च्या वर गेलेलं तेव्हा आमच्या घरातलं फ्रीज तरंगत होतं, त्यामुळं कोयनेचं पाणी मोजणारं पोर मला तरी येडं वाटत नाही. पण प्रत्येक आवडीला पोटापाण्याचं दावं बांधायची घाई नको. ते त्याचं आहे, त्याचं राहू द्या. वह्या संपल्या की नवीन आणून द्या, नाहीतर पैसे द्या, तोच आणेल.

पैशावरनं आता फसवणुकीचं आणि पालकत्वाचं. पहिलं म्हणजे, ऑटिझमसाठी हे पालकत्व सहसा कोर्टातनं मिळवायचं नसतं. 1999 चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे, त्यात ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांत 18 नंतर कायदेशीर पालक नेमता येतो, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली लोकल लेव्हल कमिटी असते, अर्ज तिच्याकडं. ज्यांचं मूल स्वतःचं काहीच सांगू शकत नाही, ज्यांना कायमचा सांभाळ लागतो, त्यांनी हे जरूर करावं, त्यात लाज कसली, आणि त्यांना माझं हे पुढचं बोलणं लागूही नाही. पण तुमचा मुलगा बारावी पास आहे, मोबाईल वापरतो, हिशोब कळतो. त्याच्यावर पालक नेमायला निघालात तर त्याला त्यातनं काय कळेल? की सही मी करायची नाही. 2016 चा कायदा तर सरळ म्हणतो की दिव्यांग व्यक्तीला मालमत्ता बाळगायचा, स्वतःचे पैशाचे व्यवहार बघायचा इतरांइतकाच हक्क आहे, आणि गरज असेल तिथं मर्यादित पालकत्वाची सोय आहे, म्हणजे ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं, आणि पालक आणि ती व्यक्ती दोघांनी मिळून ठरवायचं. तुमच्यावर अशी वेळ आली तर ते बघा. आज नाही आलेली.

फसणार तर आहेच. माझा फसला. एक "मित्र" चार महिने याच्याकडनं मोबाईलचा रिचार्ज मारून घेत होता, महिन्याला दोनशे की काय. कळलं तेव्हा मला त्या पोराच्या घरी जाऊन भांडायचं होतं, नवऱ्यानं अडवलं, म्हणाला दोनशेत शिकतोय तर शिकू दे, दोन लाखांत शिकण्यापेक्षा स्वस्त आहे. तेव्हा राग आला होता. आता याच्या फोनवर कुणी पैसे मागितले की याचं उत्तर ठरलेलं असतं, "विचार करून उद्या सांगतो." हे वाक्य आम्ही तिघांनी बसून तयार केलं आणि घरात नाटक करून पाठ केलं, मी चोर व्हायचे. तुम्हीही त्याच्या नावावर छोटं खातं ठेवा, आठवड्याला पाचशे टाका, संपले तर संपले, शनिवारपर्यंत मिळणार नाहीत. मोठी रक्कम त्या खात्यात नको आणि ओटीपी कुणालाही नाही, मलासुद्धा नाही म्हणायचं, हे एवढं पक्कं करा.

कागदपत्रांत यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलंय का ते तुम्ही लिहिलं नाही. नसेल तर ऑनलाइन अर्ज करून सिव्हिलला तपासणी, असेल तर त्यावरची मुदत बघा. सरकारी नोकरीतलं 4 टक्के आरक्षण, त्यातला 1 टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, लर्निंग डिसॅबिलिटी, मानसिक आजार वगैरेंसाठी आहे, ते या प्रमाणपत्रावर. नॅशनल ट्रस्टचा निरामय आरोग्य विमा आहे, वर्षाला 1 लाखापर्यंत, त्यात थेरपीचाही खर्च बसतो. वडील इन्कम टॅक्स भरत असतील तर सीएंना दिव्यांग मुलाच्या सांभाळासाठीची टॅक्सची वजावट विचारा, 1961 च्या कायद्यात तिला 80डीडी म्हणायचे. पण तपासणीला जाताना फाईल त्याच्या हातात द्या, आणि कांडी मोजा.

आत्यांना सांगा की लग्न हे औषध नाही. दुसऱ्याच्या लेकीला नर्स म्हणून आणायचं आणि तिला सांगायचंही नाही, हे पाप आहे, स्पष्टच बोलते. उद्या त्यालाच वाटलं, त्याला कुणी आवडलं, तर तो वेगळा विषय.

राहिलं तुमच्या माघारी. पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात, "थोरली आहेच पुण्यात, ती बघेल." तिला विचारलंय? की तेही धरूनच चाललात? आमच्या थोरलीला मी कधी विचारलं नव्हतं, तिनंच एका दिवाळीत भाऊबीजेच्या रात्री भांडी घासता घासता सांगितलं की आई मी त्याच्या अडीनडीला येईन पण त्याला माझ्या घरी ठेवून घेऊ शकणार नाही, आणि मग रडली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्यामुळं आम्हाला मृत्युपत्र करायचं सुचलं, राहतं घर त्याच्या नावे कसं ठेवायचं, पैसे एकदम हातात न जाता महिन्याला कसे जातील, यासाठी वकिलांकडं दोन चकरा झाल्या, आणि त्या दोन्ही वेळी तो बरोबर होता. वकिलांनी विचारलं, तुला काय पाहिजे. मी कांडी मोजत बसले. अकराव्याला म्हणाला, "वरची खोली भाड्यानं द्यायची नाही. आवाज होतो." लिहून घेतलं त्यांनी.

तर तुम्ही आता एवढंच करा. मोठं काही ठरवू नका या महिन्यात, कॉलेज नाही, दुकान नाही, पालकत्वाचा अर्ज तर नाहीच. फक्त त्याला एक मेसेज पाठवा, माझ्याकडनं. म्हणावं सांगलीच्या एक काकू विचारतायत, कोयनेतनं सोडलेलं पाणी आमच्या आयर्विन पुलापर्यंत यायला किती तास लागतात? दरवर्षी आमच्या गल्लीत यावरनं वाद होतो आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा. मला खरंच पाहिजे. उत्तर त्याच्याच शब्दांत, त्याला वेळ मिळेल तेव्हा. तुम्ही लिहून पाठवू नका हां.